नहरीचे पाणी वर चढते कसे?

विज्ञानाने माणसाची शक्ती वाढली, असे आपण नेहमी म्हणतो. आणि म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी, विमान, दुर्बीण, नाही तर हल्लीचे खिशात मावणारे फोन उभे राहतात. हे सारे परगावाहून आलेले पाहुणे. इतिहासाच्या माणसाला खोड अशी, की मोठा प्रश्न हाती आला म्हणजे तो आधी घराजवळचा पुरावा शोधतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. हजारो लोक तिथे येतात, भिंतीवरून हौदात पडणारे पाणी पाहतात, फोटो काढतात आणि मकबऱ्याकडे वळतात. पण त्या पाण्याने जो प्रश्न घातला आहे, तो फार थोड्यांच्या कानी पडतो. पाणी डोंगराकडून आले, हे समजले; पाणी उताराला धावतेच. पण ते जमिनीच्या पोटातून आले आणि इथे पोचल्यावर भिंतीच्या माथ्यावर चढले कसे? मोट नाही, रहाट नाही, बैलजोडी नाही, आणि पंप तर त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

ह्याचे उत्तर द्यायचे तर वाचकहो, चारशे वर्षे मागे गेले पाहिजे.

मलिक अंबर हे नाव आपल्या परिचयाचे आहे. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादेच्या बाजारातून फिरत फिरत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्याच्या पदरी राहिला. पुढे हाच गुलाम त्या बुडत्या राज्याचा आधारस्तंभ झाला. मालोजी आणि शहाजी भोसले ह्यांच्यासारखे मराठे सरदार त्याच काळात निजामशाहीत वावरत होते. मोगलांना त्याने इतके जेरीस आणले, की जहांगीर बादशहाने अबुल हसन ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात अंबरचे शिर भाल्याच्या टोकावर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे! प्रत्यक्षात ते शिर बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ साली अंबर वृद्धापकाळाने वारला आणि खुलताबादेस विसावला. शत्रूचा मुंडका चित्रातच उडवावा लागतो, ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

१६१० च्या सुमारास ह्या माणसाने खडकी नावाच्या खेड्याला राजधानी केले. हीच खडकी पुढे त्याच्या मुलाच्या हातून फतेहनगर झाली, १६५३ साली दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले, आणि २०२३ साली तिचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण पहिले नावच सर्वांत खरे बोलते. खडकी! खाली काळा पाषाण. पावसाळ्यात नदी दोन्ही थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरे खेळतात. अशा ठिकाणी फौज, बाजार, हत्ती-घोडे आणि हजारो माणसे आणून वसवायची, म्हणजे पहिला प्रश्न तटबंदीचा नव्हे, पाण्याचा.

अंबरने काय केले? शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूस डोंगर आहेत. पावसाचे पाणी तिथल्या मुरमात मुरते, खालच्या अभंग खडकाशी येऊन अडते आणि त्या दोन थरांच्या मधून झिरपत राहते. वर नदी कोरडी ठणठणीत दिसत असली तरी हा झिरपा चालूच असतो. अंबरच्या माणसांनी हा झिरपा जमिनीखालीच अडवला, भुयारी नाल्यांतून एकत्र केला आणि झाकल्या वाटेने शहरात आणला. हीच नहर-ए-अंबरी, काळ साधारण १६१७ च्या आसपासचा. उघडा कालवा काढला असता तर निम्मे पाणी उन्हाने खाल्ले असते आणि उरलेले शत्रूला दिसले असते.

शत्रूची ही गोष्ट मी उगीच सांगत नाही. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल सेनापती शाहनवाझखान ह्याने खडकी लुटली, पाडली. हा शाहनवाझखान म्हणजे अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा. ज्याचे दोहे आपण रहीमचे म्हणून शाळेत पाठ केले, तोच खानखाना. आणि मौज पाहा, त्याच सुमारास हा खानखाना आपल्या बुऱ्हाणपुरात काय करीत होता? सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात आणीत होता. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ चा मानतात, आणि त्याची आखणी एका इराणी जाणकाराची असे सांगतात. दोन हाडवैरी, रणांगणावर एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि दोघांच्या राजधान्यांत एकाच वेळी एकच विद्या राबत होती. इराणात ह्या भुयारी झऱ्यांना कनात किंवा कारेझ म्हणतात, आणि तिथे त्यांचा वापर अडीच हजार वर्षांहून जुना आहे. विद्येला वेशीवर कोणी अडवीत नाही. ती कारागिरांच्या पायांनी चालत येते, आणि कारागीर ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे जातो.

अंबरला पाण्याचा स्वभाव किती ठाऊक होता, ह्याचा दुसरा दाखला रणांगणावरचा आहे. १६२४ साली अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एक होऊन त्याच्यावर चालून आल्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या, घोडे आणि तोफा रुतल्या, आणि थकलेल्या सैन्यावर त्याने घाला घातला. ह्याच लढाईत शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. ज्या ज्ञानाने शहराची तहान भागली, त्याच ज्ञानाने एक सैन्य बुडाले. असो, आपण नहरीकडे परत येऊ.

पाणी वर कसे चढते? घर बांधताना गवंडी काय करतो ते आठवा. एक लांब पारदर्शक नळी घेतो, तीत पाणी भरतो, एक टोक ह्या भिंतीशी आणि दुसरे त्या भिंतीशी धरतो. मधली नळी जमिनीवर लोळत असो, की खड्ड्यात उतरलेली असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन उभे राहते. ती खूण धरून गवंडी रेघ मारतो. पाणचक्कीचा नळ म्हणजे हीच नळी, फक्त काही कोस लांब. उगमाकडची पातळी उंच; मध्ये नळ उतारांतून, ओढ्यांच्या तळांतून खाली जातो; आणि ह्या टोकाला पाणी पुन्हा आपल्या मूळ उंचीच्या ओढीने वर येते. वाटेत नळाच्या अंगाशी घासून त्याचा थोडा जोर जातो, म्हणून अगदी उगमाइतके चढत नाही, थोडे कमी चढते. तेवढी घट आधीच हिशेबात धरून भिंतीची उंची ठरवावी लागते. म्हणजे भिंत बांधणाऱ्या माणसाला काही कोसांवरच्या उगमाची पातळी ह्या ठिकाणी बसून ठाऊक हवी. ती त्याने कोणत्या साधनाने मोजली, हे भिंत सांगत नाही.

लोक ह्याला सायफन म्हणतात. शिक्षकाच्या सवयीने इथे थोडी दुरुस्ती करतो. खरा सायफन पाण्याला आधी अडथळ्यावरून वर नेतो आणि मग खाली सोडतो. तो हवेच्या दाबावर चालतो आणि सुमारे १० मीटरांपलीकडे त्याचे काही चालत नाही. आपल्या नहरीचा नळ उलटा आहे. तो आधी खाली जातो, मग वर येतो, आणि त्याला हवेच्या दाबाची गरज नाही. उलट हवा हीच त्याची वैरीण.

कारण वर-खाली जाणाऱ्या नळात जिथे जिथे उंचवटा येईल तिथे हवा कोंडून बसते आणि पाण्याची वाट अडवते. शिवाय दुसरी अडचण आहे. पाण्याची खोली दर १० मीटरांनी वाढली की नळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार वाढतो. आमचे नळ खापराचे. कुंभाराने भाजलेले, चुन्याने सांधलेले आणि दगडचुन्याच्या बांधकामात बसवलेले. असा नळ किती भार सोसणार? ह्या दोन्ही अडचणींवर एकच तोड काढलेली आहे, आणि माझ्या मते साऱ्या योजनेतले खरे शहाणपण तिच्यात आहे. वाटेत ठिकठिकाणी दगडविटांचे मनोरे उभारले. पाणी मनोऱ्यात वर चढते, माथ्याशी मोकळ्या हवेला भेटते, कोंडलेली हवा निघून जाते, गाळ बसतो, आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुन्हा खाली उतरून पुढच्या मनोऱ्याकडे निघते. एका लांब नळाचा भार असा तुकड्यातुकड्यांत वाटला गेला. इस्तंबूल शहरात उस्मानी सुलतानांच्या काळात असेच मनोरे होते. त्यांना तिथे पाण्याचे तराजू म्हणत. किती नेमके नाव!

आता एक प्रश्न विचारतो. हे मनोरे बांधणाऱ्यांना दाबाचा नियम ठाऊक होता काय? युरोपात सायमन स्टेव्हिन ह्या डच पंडिताने पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, भांड्याच्या आकारावर नव्हे, हे १५८६ साली ग्रंथात मांडले. पास्कलचा ह्याच विषयावरचा प्रबंध तो वारल्यावर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. म्हणजे नहर-ए-अंबरी ह्या दोन ग्रंथांच्या मध्ये कुठे तरी पडते. खडकीच्या गवंड्याने ह्यांतले अक्षरही वाचलेले असण्याचा संभव नाही. पण त्याच्या हाताला ते माहीत होते. नळ कुठे फुटतो, किती खोलीला फुटतो, मनोरा किती अंतरावर हवा, हे त्याने आपल्या उस्तादाकडून आणि फुटलेल्या नळांकडून शिकून घेतले होते. आणि ह्यात नवल नाही. आशिया मायनरमधील पर्गामम येथे असे उलटे नळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच घातलेले होते. हात पुढे गेला, शास्त्र मागाहून कारण सांगत आले.

मग शास्त्राने वाढवले काय? काही जण म्हणतात, जुन्यांना सर्व ठाऊक होते, नवीन ते काय! हे म्हणणे मला पटत नाही. ज्याला फक्त हाताचे ज्ञान आहे तो आपण पाहिली तशीच नहर दुसऱ्या गावी बांधू शकतो. ज्याला कारण ठाऊक आहे तो कधी न पाहिलेल्या गोष्टीचाही हिशेब करतो: खापराऐवजी लोखंडाचा नळ घेतला तर किती खोल उतरता येईल, किती दाब दिला तर पाणी कोणत्या मजल्यावर जाईल. पास्कलच्या त्याच नियमावर आज गॅरेजात एक माणूस मोटार उचलतो.

पाणचक्की ह्या नहरीहून सुमारे सव्वाशे वर्षांनी धाकटी. बाबा शाह मुसाफिर ह्या नक्षबंदी संताच्या तकियापाशी, आसफजाही अमलात, १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान ह्या सरदाराने ती सिद्धीस नेली, अशी परंपरा आहे. तिचा हौद पाहावा. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली माणसे, आणि वैशाखातही दालनात गारवा. चक्कीची रचना अगदी सरळ. खाली आडवे चाक, त्याला लोखंडी पाती. पाण्याची धार पात्यांवर आदळते, चाक फिरते, त्याचा उभा दांडा वर जात्याच्या पाळूला फिरवतो. दाते नाहीत, साखळी नाही. ह्या जात्यावर तकियातल्या फकिरांचे आणि वाटसरूंचे धान्य दळले जाई.

ह्या जात्याची किंमत ज्याला कळायची असेल त्याने आपल्या आजीला विचारावे. पहाटेच्या अंधारात उठून, एक पाय पसरून, खुंटा धरून घरच्या माणसांपुरते पीठ काढायचे; हे काम मराठवाड्यातल्या बाईने किती शतके केले त्याची गणती नाही. डिझेलच्या नि पुढे विजेच्या गिरण्या खेड्यापाड्यांत गेल्या तेव्हा ते सुटले. माझ्या वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पाणचक्की जर १७४४ साली होती, तर माझ्या पणजीला ती का मिळाली नाही?" प्रश्न मार्मिक होता. उत्तर असे, की चक्कीला बारमाही पाणी हवे, आणि आमच्या नद्या चार महिन्यांच्या. जिथे नहर आहे तिथेच चक्की. आणि नहर राजधानीत होती, गावात नव्हती. यंत्र निघाले म्हणजे माणसाची शक्ती वाढली असे आपण सरसकट म्हणतो, पण कोणत्या माणसाची, हे विचारायला त्या मुलीने शिकवले. जाते गेले तशा जात्यावरच्या ओव्याही जाऊ लागल्या. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या म्हणून तेवढ्या तरी वाचल्या. ओव्यांसाठी जाते परत आणावे, असे मात्र कोणती बाई म्हणणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप केला तिच्याकडे येतो. नहरींचे पुढे काय झाले? शहरात एकच नहर नव्हती. अंबरी, पाणचक्कीची, थत्ते नहर अशा कित्येक होत्या. विसाव्या शतकात लोखंडी नळांचे पाणी आले, तसे ह्यांच्याकडचे लक्ष उडाले. वर घरे झाली, रस्ते झाले, पाया खणताना नळ फुटले, सांडपाणी आत शिरले. आणि दुरुस्तीची वेळ आली तेव्हा असे दिसून आले, की दुरुस्त करणारा हातच उरलेला नाही. बापाने मुलाला, उस्तादाने शागिर्दाला तोंडी दिलेली विद्या. मध्ये दोन पिढ्या काम नाही म्हटल्यावर ती कोणाजवळ राहणार?

ह्याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवतो, तेही आपल्याच भागातले. संभाजीनगराहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावच्या बाजूस, डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण लागते. तिथल्या देवीच्या देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी. आपल्या आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि कुळातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, आणि निकुंभ राजाने १२०७ साली त्याला नेमणूक करून दिली. लेखाचा दानाविषयीचा भाग चक्क मराठीत आहे. कोणत्या व्यवहारावर मठाला काय मिळावे, तेलाच्या घाण्याचे किती, हे सारे त्यात लिहिले आहे. १२०७ साली आमच्या डोंगरात गणित शिकवण्यासाठी बाजारातून पट्टी गोळा होत होती!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कुंड भरण्याचे एक उदाहरण आहे. एक झरा कुंड एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा तिसऱ्या हिश्श्यात, चौथा सहाव्या हिश्श्यात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? दिवसाचा बारावा हिस्सा. ह्या गणिताने कोणाच्या हौदात एक थेंब पडला नाही, हे खरे. पण ११५० च्या सुमाराची ही विद्या पोथीत होती म्हणून १५८७ साली अकबराच्या दरबारी फैजीने ती फारसीत उतरवली, १८१७ साली कोलब्रुकने इंग्रजीत नेली, आणि आजही आठवीतले पोर तेच गणित सोडवते. पाटणचा मठ पडला, गाव उजाड झाले, विद्या जिवंत राहिली. खडकीच्या गवंड्याची विद्या प्रत्यक्ष शहराला पाणी पाजीत होती. नहर बुजली तशी तीही बुजली. आमच्याकडे पोथी लिहिणारा पाण्याला हात लावीत नसे आणि पाण्यात हात घालणाऱ्याला पोथी मिळत नसे. आपल्या इतिहासातले मोठे नुकसान ह्या एका भिंतीने केले, असे माझे मत आहे. कोणाला कडू वाटले तरी ते मी बदलणार नाही.

आज शहराचे पाणी जायकवाडीहून येते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ह्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण भरले म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर सुमारे ५६८ मीटरांवर. म्हणजे पन्नासएक किलोमीटर चालवून वर शंभरावर मीटर चढवायचे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, यंत्रात काहीच वाया गेले नाही असे धरले तरी, पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्त. ही शक्ती अंबरच्या स्वप्नातही आली नसती, आणि लाखोंचे शहर नुसत्या नहरींवर जगले नसते, हेही तितकेच खरे. पण वीज गेली की हे पाणी थांबते, आणि अलीकडच्या वर्षांत कित्येक वस्त्यांत नळाला पाणी कैक दिवसांआड आलेले आहे. बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या आणि पायांखाली काही हातांवर अंबरची बुजलेली नहर, असे दृश्य ह्या शहरात दिसावे, ह्याचे मला वाईट वाटते.

नहरींचे नकाशे काढणे, मनोऱ्यांची मोजमापे घेणे, कुठे पाणी अजून झिरपते ते नोंदवणे, हे काम इतिहासाच्या आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्याजोगे आहे. त्याला फार पैसा लागत नाही. एक फीत, एक वही आणि गवंड्याची ती पाण्याची नळी पुरते. वाचकहो, आपण पाणचक्कीला गेलात तर चक्कीपाशी फार वेळ घालवू नका. मागे वळून पाणी ज्या बाजूने येते तिकडे पाहा, आणि हर्सूलच्या दिशेने चालू लागा. मनोरे वाटेत भेटतील. काही घरांच्या मागे दडलेले, काहींवर पिंपळ उगवलेला. दिवाळीच्या आसपास गेलेले बरे. तेव्हा गवत वाळू लागते आणि दगड दिसतात.